बिरोबाचं बन, बावधनचं बगाड आणि झेनची भिंत

हरिपूरची_पेवं (सांगली) | धागाकर्ती

आमच्या वाचनकट्ट्यावर गेल्या महिन्यात एक वाद झाला, तो अजून डोक्यातून जात नाही. विषय होता, माणसं धर्माकडं, पुराणकथांकडं आणि हल्ली झेन-विपश्यनेकडं का वळतात. एका गृहस्थांनी दोन वाक्यांत निकाल लावला: "भीती. बाकी सगळी सजावट." तेवढ्यात चहा आला, सगळ्यांनी माना डोलावल्या, विषय संपला. मला तो इतक्या स्वस्तात संपवायचा नाही.

भीतीचा मुद्दा खोटा नाहीच. मालिनोव्स्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रॉब्रिअंड बेटांवर राहिला होता. तिथले कोळी खाडीतल्या शांत पाण्यात मासे धरायला जाताना कसलाही मंत्रतंत्र करत नसत. तिथं मासा हमखास मिळायचा, जिवाला धोका नव्हता. तेच लोक खोल समुद्रात निघाले की मात्र सगळे विधी यथासांग. म्हणजे अडाणी होते म्हणून मंत्र म्हणत होते असं काही नाही. आपलं कौशल्य कुठवर पुरतं आणि कुठं संपतं, हे त्यांना बरोबर कळत होतं.

इथून पुढं मात्र माझं त्या गृहस्थांशी जमत नाही. भीतीवर उतारा मिळाला की माणूस घरी जाईल, नाही का? प्रत्यक्षात लोक उतारा मिळो न मिळो, काहीतरी करत राहतात. वाईजवळ बावधनला रंगपंचमीला बगाड निघतं. होळीच्या पौर्णिमेला भैरवनाथाला कौल लावून, नवस बोललेल्यांतला एक जण बगाड्या ठरतो. त्याला कृष्णेकाठी सोनेश्वराला नेतात, उंच शिडाला बांधतात आणि तो अवजड लाकडी गाडा बैल जुंपून शेताशेतांतून गावाकडं ओढत आणतात. बैल दमले की दुसरे जुंपायचे. दिवसभर हेच. त्या गर्दीत कुणाला थांबवून "ह्याचा अर्थ काय हो?" असं विचारून बघा. "नवस असतोय," एवढंच ऐकू येईल, आणि मग तो तुम्हाला बाजूला ओढेल, कारण बैल आलेले असतात.

दुसऱ्या टोकाला झेन, चीन-जपानातला बसून ध्यान करायचा बौद्ध पंथ. तिथं नवस नाही, फळाचं वचन नाही. कथा अशी सांगतात की चीनचा सम्राट वू यानं झेनच्या आद्यगुरूला, बोधिधर्माला विचारलं, मी एवढे विहार बांधले, एवढे भिक्षू पोसले, माझ्या गाठीला पुण्य किती? बोधिधर्म म्हणाला, काही नाही. (ही भेट घडलीच नसावी असं इतिहासकार म्हणतात. कथा म्हणून खणखणीत आहे.) आणि मग हा बाबा नऊ वर्षं भिंतीकडं तोंड करून बसला म्हणे. पुण्य देणार नाही, उत्तर देणार नाही असं तोंडावर सांगणाऱ्या परंपरेकडंही माणसं शतकानुशतकं जातायत.

तर माझं म्हणणं: आधी अर्थ पटतो आणि मग माणूस आचार करायला लागतो, असं आपण धरून चालतो. मला ते उलटं दिसतं. आधी हाताला काम, सोबतीला चार माणसं आणि दिवसाला काहीतरी वेळापत्रक. अर्थ लागला तर मागाहून लागतो, आणि बऱ्याच जणांना तो लागत नाही तरी त्यांचं काही अडत नाही.

तुमच्या घरातलं, गावातलं सांगा. पुस्तकी नको. (मी पुस्तकी लिहिलं तो धागाकर्तीचा मान.)

---

माणिकचमन (तासगाव)

ताई, त्या कोळ्यांचं आमच्याशी जुळतंय बघा.

द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे दीड-दोन महिने आम्ही पहाटे बागेत पानं उलटी करून बघत असतो. पानावर वरनं तेलकट डाग आणि खालनं पांढरी बुरशी दिसली की डाऊनी (बुरशीचा रोग) आला. मग धावपळ, ट्रॅक्टर, फवारणी. ह्या सगळ्यात देव कुठंच नसतो. डाऊनीसाठी नारळ फोडलेला बागायतदार मी तरी बघितला नाही. औषधाच्या दुकानात उधारी करतील, देवळात जाणार नाहीत.

पण मणी भरला, साखर उतरायला लागली, आणि तेव्हा अवकाळी आली तर? घडात पाणी साठलं की मणी तडकतात. त्याला औषध नाही. मोबाईलवर हवामान कळतंय, पाऊस येणार हे दोन दिवस आधी कळतंय, त्यानं फक्त दोन दिवस आधीपासनं झोप उडते.

अशा रात्री आभाळ गरजायला लागलं की आमची मंडळी देवापुढं दिवा लावून बसते. मी बॅटरी घेऊन बागेत जातो. बागेत जाऊन करतो काय? काही नाही. ओळींतनं फिरतो, उगाच एखादी तार ओढून बघतो. पाऊस हातानं अडवता येत नाही हे मला कळतंय, पण घरात बसवत नाही. मी स्वतःला नास्तिक म्हणवतो आणि तिला चिडवतो. आता तुमचं वाचून विचार करतोय, तिचा दिवा आणि माझी बॅटरी ह्यात फरक कसला?

---

वाचनमात्र

+1. शेवटच्या ओळीवर वेगळा धागा होईल भाऊ.

---

साताऱ्याचा_चिकित्सक

धागा चांगला आहे, पण जरा जास्तच गोड चाललाय.

25 जानेवारी 2005. मांढरदेवी, पौष पौर्णिमेची यात्रा. नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, वरून दुकानांना लागलेली आग. 300च्या आसपास माणसं गेली. ती सगळी तुमच्या भाषेत 'हाताला काम' शोधायलाच आली होती. आचाराला अर्थ नसला तरी चालतं म्हणता, पण आचाराला व्यवस्था लागते, हिशेब लागतो, जाब विचारणारा कुणीतरी लागतो. त्याचं काय?

दाभोलकर डॉक्टर आमच्याच साताऱ्याचे. देवाधर्माला अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा विरोध नाही, देवाधर्माच्या नावानं होणाऱ्या शोषणाला आहे, हे ते इतक्या वेळा सांगायचे की आम्हा कार्यकर्त्यांना पाठ झालं होतं. 20 ऑगस्ट 2013ला पुण्यात त्यांचा खून झाला. इतकी वर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर त्याच वर्षी झाला. तो कायदा नीट वाचा. कुणी कशात अर्थ शोधावा ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, चमत्कार दाखवून लुबाडणं, साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं, असल्या गोष्टी तो गुन्हा ठरवतो.

हरिपूरताई, माणसाला काहीतरी करायला हवं असतं हे मान्य. पण माणूस हतबल होऊन "तुम्ही सांगाल ते करतो" म्हणाला की त्याच्या दारात सगळ्यांत आधी कोण हजर होतं, हे आम्ही बघितलंय. आमच्या नात्यातल्या एका बाईंच्या साखरेच्या गोळ्या अशाच एका बाबानं बंद करायला लावल्या होत्या. पायाचं बोट गेलं. 'अर्थ मागाहून लागतो' म्हणे. त्यांना काय लागला?

---

रिकामी_उशी (मिरज)

मी झेनवाला. अजून नवशिका, पण इथं दुसरं कुणी दिसत नाही म्हणून लिहितो.

कोडाईकनालजवळ पेरुमलमलईला बोधी झेंडो म्हणून केंद्र आहे, 1996 पासून चालू. ते सुरू करणारे आमा सामी हे जेझुइट पंथाचे ख्रिस्ती धर्मगुरू आणि झेनचे आचार्यही. ह्यातच धाग्यावरच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर आहे असं मला वाटतं, पण ते असो.

तिथं काय करतात? बसतात. मांडी घालून, पाठ सरळ, डोळे अर्धे मिटलेले, नजर खाली. श्वास एक ते दहा मोजायचे, मग परत एकपासून. मी चारवर पोचेपर्यंत एका पार्किंगवाल्याशी पूर्वी झालेलं भांडण मनात पुन्हा भांडून, ह्या खेपेला जिंकून, वर त्याची माफी स्वीकारून मोकळा झालेलो असायचो. परत एक. मग गुडघा. सुरुवातीला वाटतं दुखणं गुडघ्यात आहे. बऱ्याच वेळानं लक्षात येतं की "अजून किती राहिलं?" हा जो हिशेब आत चालू आहे, खरा ठणका त्याचा आहे. घंटा होते, सगळे उठून रांगेनं सावकाश चालतात, परत बसतात. कुणी तुम्हाला "काय सापडलं?" विचारत नाही. मला पहिल्यांदा त्याचा राग आला होता. एवढा प्रवास करून आलो, निदान विचारा तरी!

धागाकर्तीचा जो प्रश्न आहे तो जपानी झेन गुरू दोगेनला (1200–1253) पोरवयातच पडला होता. सगळ्यांच्या ठायी बुद्धत्व मुळातच आहे म्हणता, मग साधना कशाला? जपानात समाधान होईना म्हणून 1223ला तो चीनला गेला. तिथल्या मठात एक म्हातारा स्वयंपाकी भर दुपारी, डोक्याला काही न घेता, अळंबी उन्हात पसरत होता. पाठ वाकलेली, घामानं निथळत होता. दोगेन म्हणाला, हे काम हाताखालच्या कुणाला का देत नाही? म्हातारा म्हणाला, दुसरा म्हणजे मी नव्हे. बरं, पण एवढ्या उन्हात कशाला? तर म्हणे, मग कधी वाळवू?

दोगेननं पुढं स्वयंपाक्याच्या कामावर वेगळा ग्रंथच लिहिला. साधना कशासाठी, ह्याला त्याचं उत्तर असं की साधना कशासाठीच नाही, बसणं हेच बुद्धत्व. मला हे पूर्ण पटलंय असं नाही. पण हरिपूरताईंच्या म्हणण्याच्याही पुढं जातंय हे. त्या म्हणतात अर्थ मागाहून येतो. दोगेन मागाहूनही कशाची वाट बघू नका म्हणतो.

चिकित्सकसाहेब, गोळ्या बंद करायला लावणारा बाबा आणि हे, ह्यांत एक फरक मला दिसतो. तिथं कुणी मला काही देऊ करत नव्हतं, त्यामुळं माझ्याकडून घ्यायलाही काही नव्हतं. राहण्या-जेवणाचे पैसे सोडून.

---

पुरणाचा_घाट (कराड)

म्हातारा स्वयंपाकी आवडला. आता माझं ऐका.

वरचे सगळे प्रतिसाद वाचले. एकजण बॅटरी घेऊन फिरतोय, एकजण उशीवर बसलाय, एकजण कायदा सांगतोय. ह्या सगळ्या काळात स्वयंपाकघरात कोण होतं, ते सांगा की.

आमच्या सासूबाईंना लग्नानंतर पहिल्या गौरीला मी मोठ्या तोऱ्यात विचारलं होतं, ह्या सगळ्याचा अर्थ काय? त्या म्हणाल्या, "आधी डाळ शिजली का बघ." डाळीचा दाणा दोन बोटांत चिरडायचा, आत कणी राहता कामा नये, पण पार पीठही होता कामा नये. मग येळणी कटाच्या आमटीला काढून ठेवायची, गूळ घालायचा, उलथनं उभं राहीपर्यंत घोटायचं. त्या घोटण्यात खांदा भरून येतो. अर्थाबिर्थाचं मी विसरून गेले. हरिपूरताई म्हणतात ते मला इथपर्यंत शंभर टक्के पटतं.

आता दुसरं. सासरे गेले तेव्हा दिवसकार्याच्या काळात घर माणसांनी भरलेलं. दहाव्याला हे, अकराव्याला ते, बाराव्याला अमुक, तेराव्याला गोडाचं जेवण. पाहुण्यांची अंथरुणं, चहाची आधणं, गुरुजींची यादी. सासूबाईंना रडायलासुद्धा वेळ ठरवून मिळत होता. चौदाव्या दिवशी सगळे पांगले. सकाळी त्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि मला विचारलं, "आज काय करायचं असतं गं?"

चिकित्सकदादा, तुमच्या कायद्याला माझा पाठिंबाच आहे. पण ह्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या समितीकडं आहे का? टोमणा नाही मारत, खरंच विचारतेय. कारण आमच्याकडं तो बाबा आला नाही हे आमचं नशीब.

---

साताऱ्याचा_चिकित्सक

पुरणताई, नाही. आमच्याकडं चौदाव्या दिवसाचं उत्तर नाही. सत्यशोधकी पद्धतीनं कर्मकांडाशिवाय अंत्यविधी आम्ही करतो, शोकसभा घेतो, त्यातही पहिल्या दिवशी माणसं भरपूर येतात. नंतरचं कुणी बघत नाही. ह्यावर काम व्हायला हवं.

---

माहुलीकर

वयाच्या मानानं उशिरा येतोय धाग्यावर, सांभाळून घ्या.

उशीवाल्या चिरंजीवांना एक विचारायचं होतं. एवढ्या लांब गेलात, जतवरून गेलात का? जत तालुक्याच्या पूर्व टोकाला, कर्नाटकच्या हद्दीजवळ उमदी गाव आहे. तिथले भाऊसाहेब महाराज, त्यांचा मठ पलीकडं इंचगिरीला. त्यांच्या शिष्यांत सिद्धरामेश्वर महाराज, आणि सिद्धरामेश्वरांचे शिष्य निसर्गदत्त महाराज. हे निसर्गदत्त मुंबईत खेतवाडीत विडीचं दुकान चालवायचे. 1970च्या दशकात त्यांच्या माळ्यावर युरोप-अमेरिकेतले लोक जिना चढून यायचे, त्यांत झेन करून आलेलेही असायचे. महाराज मराठीत बोलणार, कुणीतरी इंग्रजीत सांगणार. आमच्या भागातल्या माणसांना मात्र उमदी म्हटलं की दुष्काळ आणि टँकरच आठवतो.

ह्या परंपरेत एक जुना तंटा आहे, तो इथं लागू पडेल. भाऊसाहेब महाराजांचा भर नामावर, तासन्‌तास बसण्यावर. त्याला पिपीलिका मार्ग म्हणतात, मुंगीची वाट. सिद्धरामेश्वरांनी पुढं विहंगम मार्ग सांगितला, पक्ष्याचा. विवेकानं, समजुतीनं थेट. गुरुबंधूंना ते रुचलं नव्हतं म्हणतात. चीन-जपानातही हळूहळू की एकदम असा वाद झालाच की. तेव्हा धागाकर्तीबाई, 'आधी आचार मग अर्थ' हा मुंगीचा पक्ष झाला. पक्ष्याचा पक्ष असा की समजलं, तर आचार गळून पडतो. तुम्ही तो धरलाच नाहीत.

आणि जाता जाता, समर्थांच्या 11 मारुतींकडं नुसतं भक्ती म्हणून बघू नका. चाफळ, मसूर, उंब्रज, शहापूर, इकडं कृष्णेच्या पात्रातलं बहे, तिकडं शिराळा. नकाशा काढून बघा, पायी फिरण्याजोगं जाळं आहे. गावोगावच्या पोरांना व्यायामाला आणि एकत्र जमायला जागा मिळाली. हा हाताला काम देण्याचाच प्रकार.

---

रोहिणी_तीर (सातारा)

मसूरचं नाव निघालं म्हणून लिहितो. नाहीतर असल्या धाग्यांवर मी वाचून पुढं जातो.

1901च्या सुमाराला साताऱ्यात राहणारी काही मुलं वडिलांना भेटायला आगगाडीनं निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. वडील कोरेगावला नोकरीला. न्यायला कुणी आलं नव्हतं. मुलांची जात कळल्यावर स्टेशनमास्तर मागं सरला, गाडीवाला दुप्पट पैसे घेऊनही गाडीत त्यांच्याबरोबर बसेना, गाडी मुलांनीच हाकली. सोबत डबा होता, पण पाणी नव्हतं, आणि रात्रभर कुणी दिलं नाही. त्यातला एक मुलगा भीमराव आंबेडकर. 7 नोव्हेंबर 1900ला त्याचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं होतं. त्या तारखेला आता राज्यभर विद्यार्थी दिवस असतो.

ह्या माणसानं धर्मावर आयुष्यभर विचार केला आणि 14 ऑक्टोबर 1956ला नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. 1957ला, म्हणजे ते गेल्यावर, त्यांचा 'बुद्ध आणि त्याचा धम्म' आला. त्यात एक गोष्ट त्यांनी केली, ती ह्या धाग्याच्या मुळावर येते. सिद्धार्थानं घर का सोडलं? सगळीकडं सांगितलं जातं की त्यानं म्हातारा बघितला, रोगी बघितला, प्रेत बघितलं. बाबासाहेब म्हणतात, 29 वर्षांच्या माणसाला तोवर म्हातारपण आणि मरण माहीतच नव्हतं, हे कसं पटावं? त्यांनी ती कथा बाजूला ठेवली आणि दुसरी पुढं आणली. शाक्य आणि कोलीय ह्यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण. शाक्य संघानं युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थानं विरोध केला, बहुमत विरोधात गेलं, त्यानं परिव्रज्या पत्करली. रोहिणीच्या पाण्याचा तंटा पाली परंपरेतलाच, बाबासाहेबांनी त्याला गृहत्यागाच्या जागी बसवलं.

पाण्याविना रात्र काढलेला मुलगा मोठेपणी बुद्धाच्या कथेच्या मध्यभागी पाण्याचा तंटा आणतो. मी ह्याला पुरावा म्हणत नाही. पण टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांच्या पाण्यासाठी मोर्चे काढलेल्या मुलखात तरी ही कथा समजायला अवघड जाऊ नये.

म्हणून 'अर्थ मागाहून लागतो' हे मला मान्य नाही. आमच्या आजोबांनी अर्थ आधी बघितला. जुने देव विसर्जित केले ते 22 प्रतिज्ञा ऐकून, कळून. वर्षानुवर्षांचा आचार हाताशी होता, सोबत होती, वेळापत्रक होतं, जत्रेत आमचं ठरलेलं कामसुद्धा होतं! त्या आचारात आमची जागा कुठली होती हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना आचाराचं कौतुक सांगू नका. आणि उशीवाल्या मित्रा, तुझ्या झेनबद्दल आकस नाही, पण भिंतीकडं तोंड करून बसायची चैन असायला आधी घराला भिंत लागते.

---

वाचनमात्र

हा प्रतिसाद दोनदा वाचला.

---

हरिपूरची_पेवं

रोहिणी_तीर, तुमच्या प्रतिसादानं माझ्या मांडणीला चांगलंच भगदाड पडलंय, आणि ते बुजवायची घाई मी करत नाही. एक मात्र विचारायचं आहे. कथा बदलता येते, जाणूनबुजून बदलता येते, आणि बदलल्यावरही ती लोकांना धरून ठेवते, हे तुम्ही दाखवलंत. मग कथा खरी की खोटी हा प्रश्न राहतोच कुठं?

आपल्या शिराळ्याचं बघा. गोरखनाथ भिक्षेला आले, घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, म्हणून यायला उशीर झाला. नाथ म्हणाले, जिवंत नागाची पूजा करशील का? तेव्हापासून म्हणे शिराळ्यात जिवंत नाग. पुढं 1972चा वन्यजीव कायदा, मग न्यायालयात याचिका, मग जिवंत नागाच्या पूजेला बंदी. गाव अजून नाराज आहे. नागपंचमी मात्र चालू आहे, आणि पूजा प्रतिमेची होते. म्हणजे कथा मातीच्या नागापासून निघाली आणि न्यायालयाच्या वाटेनं परत जवळपास तिथंच आली. मला तर ह्यात शिराळकरांचा पराभव दिसत नाही, पण हे शिराळ्यात जाऊन मोठ्यानं म्हणायची माझी छाती नाही.

---

घोंगडी_आटपाडी

हरिपूर अक्का, कथा खरी का खोटी हे आमच्यात कुणी इचारत न्हाय. इचारायचं असतंय, ती कुणाकुणाला जोडती.

खंडोबाचं घ्या. म्हाळसा वाण्याची, लिंगायताची. बाणाई धनगराची. एक लग्न पालीला पौषात वाजत-गाजत लागतं, आणि दुसरी बायको देवानं धनगरवाड्यात मेंढरं राखून मिळवली. दोघी भांडत्यात, ओव्यांत ते भांडण आमचे म्हातारे रात्र-रात्र गात्यात. ह्या गोष्टीमुळं वाण्याच्या दारात आमच्या बापाला बसायला मिळायचं, "आमची बाणाई तुमच्या म्हाळसाची सवत" म्हणून थट्टा चालायची. लग्नं न्हाय जुळली कधी, पण वळख ऱ्हायली.

आमचा वाडा, म्हंजी मेंढपाळांचा तांडा, दिवाळीनंतर मेंढरं घिऊन खाली जायचा, कृष्णाकाठाला. शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखत त्यांला, धान्य आमाला. परत फिरताना आरेवाडीला आमच्या धनगरांच्या देवाच्या, बिरोबाच्या बनात. तिथं जत्रंत सगळं वाडं भेटायचं, कुणाची पोरगी लग्नाची, कुठं चारा हाय, कुणी दगा दिला, समदं तिथं कळायचं. ढोल, भंडारा हे हायच. सोंथायमर म्हणून जर्मन साहेब आमच्या लोकांच्या मागं फिरून ह्या ओव्या गोळा करायचा, आमच्या चुलत्यानं बघितलेला. चुलता म्हणायचा, साहेब अर्थ लय इचारायचा, पण भाकरी खाताना गप बसायचा.

रोहिणीदादा, तुमचं खरं हाय. जत्रंत ज्याला वाजवायला लावलं आणि आत घेतलं न्हाय, त्यानं ती जत्रा का धरावी.

---

साताऱ्याचा_चिकित्सक

रिकामी_उशी, तुम्ही म्हणालात तिथं कुणी काही देत-घेत नाही. मग हेही वाचा. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या झेन पंथांनी आणि कित्येक नावाजलेल्या झेन गुरूंनी युद्धाला उघड पाठिंबा दिला. मी-पण विसरून शत्रूवर तुटून पडा, अशा थाटात. सोटो पंथानं 1992ला त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. म्हणजे 'कशासाठीच नाही' असं म्हणून रिकामी ठेवलेली जागा राष्ट्रानं भरून टाकली. अर्थ काढून घेतला की आचार कुणाच्याही दावणीला बांधता येतो. माझा आक्षेप हाच होता.

---

रिकामी_उशी

हो. हे खरं आहे, आणि दोगेनच्याच पंथाचं आहे. ह्यावर माझ्याकडं तयार उत्तर नाही. बसल्यानं माणूस शांत होतो, शहाणा होतोच असं नाही. त्यासाठी वेगळं काहीतरी लागतं, आणि रोहिणी_तीर म्हणतात तो आधी बघितलेला अर्थ कदाचित तोच. बुद्धाच्या शिकवणीत शील आधी येतं, ध्यान त्याच्या जोडीनं. झेनच्या नावाखाली आपल्यापर्यंत पोचलेल्या मालात शील बऱ्याचदा गळालेलं असतं, उशी आणि अगरबत्ती तेवढी राहते.

माहुलीकर आजोबा, उमदीला गेलो नव्हतो. जाईन.

---

माणिकचमन

एक भाबडा प्रश्न. ह्या वर्षी हंगाम संपला की मला हे बसून बघायचंय. कोडाई लांब पडतं. जवळपास काय आहे? आणि मंडळीला सांगू काय, मी देवाला लागलो म्हणून?

---

रिकामी_उशी

भाऊ, झेन नाही पण विपश्यनेचं केंद्र हातकणंगल्याजवळ आळत्याला आहे, धम्मालय. 10 दिवसांचं शिबिर, पहाटे 4ला उठायचं, बोलायचं नाही, मोबाईल जमा. शिबिराची फी नसते, नंतर वाटलं तर दान. विड्या-तंबाखू बंद, तेवढं आधी सोडून जा, नाहीतर पहिले तीन दिवस फक्त तंबाखूवर ध्यान लागतं.

---

साताऱ्याचा_चिकित्सक

आणि कुणाला नैराश्याच्या किंवा तसल्या गोळ्या चालू असतील तर आधी स्वतःच्या डॉक्टरांना विचारा, अर्जात खरं लिहा, गोळ्या बंद करू नका. 10 दिवस मौन सगळ्यांना मानवत नाही. विरोध म्हणून नाही सांगत.

---

पुरणाचा_घाट

तिथं बायकांना घेतात का, आणि स्वयंपाक कुणाकडं असतो?

---

रिकामी_उशी

घेतात की, राहायची-बसायची सोय वेगळी. आळत्याला स्वयंपाक सेवेकरी करतात, पूर्वी शिबिर केलेले साधक. शिबिरार्थ्यांनी फक्त ताट धुवायचं. कोडाईला कामाची वेळ ठरलेली असते, तिथं सगळ्यांनाच काहीतरी करावं लागतं. मला भाजी चिरायला बसवलं होतं.

---

पुरणाचा_घाट

मग आळत्याचा फॉर्म कुठं भरायचा ते सांगा. 10 दिवस आयतं जेवायचं आणि कुणी हाक मारायची नाही म्हणता? सासूबाईंनाही विचारते.